पाककृतीतला पिंट कोणत्या देशाचा?

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या रविवारच्या पुरवणीत संत्र्याच्या मार्मालेडची (सालीसकट केलेल्या जॅमसारख्या पदार्थाची) कृती छापून आली, याचा वरूड-मोर्शी पट्ट्यातील वाचक म्हणून मला आनंद झाला. ज्या मुलखात संत्रा पिकतो तिथल्याच स्वयंपाकघरात त्याचे सोलून खाण्यापलीकडे फारसे काही होत नाही. व्यापाऱ्याने लहान म्हणून बाजूला काढलेले फळ तर मिळेल त्या भावाने देऊन टाकावे लागते. त्यामुळे असे काही छापून आले की ते कात्रण आमच्याकडे घरोघर आणि बचत गटांतून फिरते, आणि म्हणूनच हे पत्र लिहिण्याची गरज वाटली. त्या कृतीत संत्री २ पाउंड, साखर ४ पाउंड, पाणी ४ पिंट आणि दोन लिंबांचा रस असे प्रमाण दिले होते व मिश्रण ‘२२० अंशांपर्यंत’ उकळावे असे म्हटले होते. आमच्या गावात संत्रा किलोने विकला जातो, साखर किलोने येते आणि पाणी लिटरने मोजले जाते. मग कृतीच तेवढी पाउंड आणि पिंटात का असावी, हा पहिला प्रश्न. दुसरा प्रश्न त्याहून महत्त्वाचा आहे. ही मापे बदलून घेण्याचे काम वाचकावर सोपवायचे असेल, तर पिंट कोणत्या देशाचा आणि अंश कोणत्या मापकाचे हे सांगितल्यावाचून वाचकाने ते करावे तरी कसे?

पाउंडाविषयी फारशी अडचण नाही. इंग्लंड, अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका या देशांनी १९५९ मध्ये आपसात ठरवून एक पाउंड म्हणजे ०.४५३५९२३७ किलो असे पक्के केले, त्यामुळे पाउंड आज सगळीकडे एकच आहे. घरच्या कामासाठी ४५४ ग्रॅम धरले की पुरते. पाउंडाचे सोळा औंस होतात, म्हणून एक औंस २८ ग्रॅमांहून किंचित अधिक भरतो. पण खरे सांगायचे तर मार्मालेडसारख्या पदार्थात संत्री आणि साखर यांचे पाउंड बदलण्याचीही गरज नसते. संत्र्याच्या दुप्पट साखर, एवढाच त्या दोन ओळींचा अर्थ आहे. ९०७ ग्रॅम संत्री आणि १,८१४ ग्रॅम साखर असे आकडे काढून तराजूशी झटापट करण्यापेक्षा एक किलो संत्री व दोन किलो साखर घ्यावी. प्रमाण तेच राहते. मात्र मग पाणीही त्याच हिशेबाने वाढले पाहिजे, आणि खरी गोची तिथेच होते, कारण पाणी पाउंडात दिलेले नसून पिंटात दिलेले आहे.

पिंट दोन आहेत. इंग्लंडने १८२४ च्या कायद्याने गॅलनची व्याख्या दहा पाउंड पाण्याच्या आकारमानावर बसवली आणि त्या गॅलनचा आठवा भाग म्हणजे इंग्रजी पिंट झाला. तो ५६८ मिलीलिटरचा आहे. अमेरिकेने मात्र २३१ घन इंचांचा जुना मद्याचा गॅलनच चालू ठेवला, म्हणून तिथला पिंट ४७३ मिलीलिटरचा राहिला. आपण छापलेले चार पिंट इंग्रजी असतील तर पाणी सव्वादोन लिटरांपेक्षा थोडे जास्त होते आणि अमेरिकी असतील तर दोन लिटरही भरत नाही. पिंट म्हणजे ‘साधारण अर्धा लिटर’ असे धरून चालणाऱ्यांचे पाणी या दोन्हींच्या मधेच कुठेतरी पडते. आमटीत पाव-अर्धा लिटर पाण्याचा फरक पडला तर कोणी लक्षही देणार नाही, पण इथे तसे होत नाही. मार्मालेडमध्ये साल आधी साध्या पाण्यात पुरती मऊ शिजवावी लागते आणि नंतरच साखर घालायची असते, कारण साखर पडल्यावर साल पुढे मऊ होत नाही, उलट चिवट होते. पाणी कमी पडले की ते साल शिजण्याआधीच आटते, गंजाच्या (पातेल्याच्या) बुडाला लागू लागते, आणि घाईने साखर घातली जाते. त्यानंतर कितीही उकळले तरी दातांत अडकणारी साल तशीच राहते आणि संत्र्यालाच दोष दिला जातो.

इथे एक गोष्ट मोकळेपणाने मान्य करायला हवी. इंग्रजी मार्मालेडची मूळ कृती स्पेनमधल्या सेव्हिलच्या कडू, जाड सालीच्या संत्र्यासाठी असते, आणि आपल्या नागपुरी संत्र्याची साल सुटी व पातळ आहे. तिला तेवढे पाणी आणि तेवढा वेळ लागत नाही, असे अनुभवी हात सांगतील तर मी त्यांच्याशी वाद घालणार नाही. पाणी कमी करायचे तर ते संत्र्याकडे पाहून, ठरवून करावे. पिंटाच्या घोटाळ्यात ते आपोआप कमी होऊ नये, एवढेच माझे म्हणणे आहे. आणि ‘२२० अंश’ हे फॅरेनहाइट होते, सेल्सिअसमध्ये ते १०४ अंश होतात, हे एका शब्दाने सांगता आले असते. आपल्या बाजारात मिळणारे स्वयंपाकाचे तापमापक बहुधा सेल्सिअसचे असतात आणि साखरेचा पाक २२० अंश सेल्सिअसला पोहोचण्याआधीच जळून काळा झालेला असतो.

तापमापक नसलेल्या घरासाठी एक जुनी कसोटी आहे आणि ती मला सर्वांत भरवशाची वाटते. फळप्रक्रियेच्या प्रशिक्षणात ती शिकवतातही, पण छापील कृतींत ती क्वचितच दिसते. रिकामा गंज आधी तोलून त्याचे वजन भिंतीवर किंवा कागदावर लिहून ठेवायचे. शिजत आलेले मिश्रण गंजासकट पुन्हा तोलायचे. गंजाचे वजन वजा केल्यावर उरलेला माल घातलेल्या साखरेच्या दीडपट भरला की उतरवायचा. दोन किलो साखर असेल तर तीन किलो, चार पाउंड असेल तर सहा पाउंड. या कसोटीत कोणतेही रूपांतर करावे लागत नाही, आणि जॅमसारख्या पदार्थाला टिकण्यासाठी विरघळलेल्या घन पदार्थांचे, मुख्यतः साखरेचे, जे साधारण पासष्ट टक्के प्रमाण लागते त्याच्या आसपास आपण आपोआप पोहोचतो. मोठा तराजू गावातल्या किराणा दुकानात असतोच. गरम गंज घेऊन दुकानापर्यंत जाणे शक्य नाही, हे खरे. पण गटाच्या शेडमध्ये तराजू असतो आणि अशा कृतींचा खरा उपयोग तिथेच होतो.

पाउंड-पिंटापेक्षाही अधिक वेळा पुरवणीत ‘कप’ येतो, आणि त्याविषयी आमच्याकडील बायकांना कोणी वेगळे शिकवण्याची गरज नाही. पायलीने धान्य मोजणाऱ्या घरात एक पायली जवारी आणि एक पायली पोहे सारख्या वजनाचे नसतात हे लहान मुलालाही ठाऊक असते. कपाचेही तेच आहे. अमेरिकी कप सुमारे २३७ मिलीलिटरचा, ऑस्ट्रेलियाचा २५०, जपानचा २००, आणि इंग्लंडच्या जुन्या पुस्तकांतला अर्ध्या पिंटाचा कप २८४ मिलीलिटरचा असतो. आपल्या घरातला चहाचा कप यांपैकी कोणालाही जुळत नाही, तो बहुधा यांच्यापेक्षा लहानच असतो. अमेरिकी कपभर साखर २०० ग्रॅम होते, लोणी २२७ ग्रॅम होते, आणि मैदा अलगद भरला तर १२० ते १२५ ग्रॅम होतो. तोच दाबून भरला तर दीडशेपर्यंत जातो. एकाच कपाने, एकाच घरात, दोन हातांनी भरलेल्या मैद्यात जर पंचवीस-तीस ग्रॅमांचा फरक पडत असेल, तर ‘दोन कप मैदा’ हे माप छापून आपण वाचकाला नेमके काय सांगतो? त्यातून चक्कीवर दळलेली जाडसर कणीक मैद्याऐवजी घेतली तर हिशेब आणखी बदलतो. चमच्यांचेही असेच आहे. लहान चमचा पाच मिलीलिटर आणि मोठा पंधरा मिलीलिटर ही सर्वसाधारण रीत असली तरी ऑस्ट्रेलियात मोठा चमचा वीस मिलीलिटरचा धरतात, आणि खाण्याचा सोडा जेव्हा मोठ्या चमच्याने मोजायला सांगितलेला असतो तेव्हा हा फरक जिभेला कळतो.

याउलट, काही वेळा पुरवणीत रूपांतर केलेले असते, पण ते यंत्राने केल्यासारखे असते. ‘२२६.८ ग्रॅम लोणी’ आणि ‘१७०.१ ग्रॅम पिठीसाखर’ असे आकडे वाचून हसावे की रडावे कळत नाही. आठ औंसांचे २२६.८ ग्रॅम होतात हे गणित बरोबर आहे. मात्र मूळ कृती लिहिणाऱ्याने आठ औंस लिहिले तेव्हा त्याला दशांश ग्रॅमची अचूकता अभिप्रेत नव्हती. २२५ ग्रॅम म्हटले असते तरी चालले असते. इंग्लंडमध्ये गेल्या शतकाच्या उत्तरार्धात स्वयंपाकाची पुस्तके ग्रॅमवर आली तेव्हा अनेक लेखकांनी एक औंस म्हणजे सरळ २५ ग्रॅम धरले, आणि सोबत एक ताकीद दिली की दोन्ही मापे एकाच कृतीत मिसळू नका, एकच स्तंभ शेवटपर्यंत पाळा. ही ताकीद मला त्या आकड्यापेक्षा मोलाची वाटते. सर्व पदार्थ २५ च्या हिशेबाने घेतले तर सगळेच सुमारे बारा टक्क्यांनी कमी होतात आणि केक फक्त थोडा लहान होतो. पण मैदा औंसाच्या वजनाने आणि साखर २५ च्या हिशेबाने घेतली तर प्रमाणच मोडते. आणि अंडे मात्र कोणत्याही हिशेबाने बारा टक्क्यांनी लहान होत नाही, हे अशा कृतींत राहून जाते. तीन अंडी तीनच राहतात आणि मिश्रण सैल होते.

आपल्याकडे हा प्रश्न केवळ परदेशी कृतींपुरता आहे असे समजण्याचे कारण नाही. आमच्या अनेक घरांत आजी-पणजीच्या हातच्या वह्या आहेत आणि त्यांत शेर, छटाक, तोळा हीच मापे आहेत. १९५६ च्या कायद्याने देशात मेट्रिक मापे आली आणि १ ऑक्टोबर १९५८ पासून ती टप्प्याटप्प्याने बाजारात लागू झाली. त्याआधी शेर ऐंशी तोळ्यांचा होता, म्हणजे आजच्या ९३३ ग्रॅमांचा. त्यामुळे वहीतला पावशेर २३३ ग्रॅम आहे आणि दुकानातला पाव किलो २५० ग्रॅम. छटाक ५८ ग्रॅमांचा होता. आज दुकानात छटाक म्हटले की पन्नास ग्रॅमची पुडी हातात येते. शेर आणि किलो यांतला फरक सात टक्क्यांचा आहे, आणि सगळेच जिन्नस शेरात असतील तर तो आपोआप मिटतो. पण डाळ पायलीने घ्यायची, गूळ दुकानातून किलोने आणायचा आणि विलायची वहीतल्या तोळ्याने घालायची असे झाले की पुरण सैल का झाले, हा प्रश्न दरवर्षी होळीला पडतो. त्यातून तोळाही बदलला आहे: वहीतला तोळा ११.६६ ग्रॅमचा आहे आणि सराफाचा आजचा तोळा दहा ग्रॅमचा. विलायचीच्या बाबतीत कोणी तक्रार करणार नाही, पण लोणच्याच्या मसाल्यातल्या हिंगाच्या बाबतीत तो फरक जाणवतो.

जाता जाता एक उल्लेख करतो. तालुक्याच्या गावांतून वाढदिवसाचा केक आजही पाउंडावर मागितला जातो, आणि ‘एक पाउंड म्हणजेच अर्धा किलो’ असे घेणारा आणि देणारा दोघेही बोलून जातात. त्या दोहोंत ४६ ग्रॅमांचे अंतर आहे. वैध मापन अधिनियम, २००९ नुसार व्यवहारात भाव प्रमाणित एककांतच सांगायला हवा. स्वयंपाकाच्या कृतीला हा कायदा लागू नाही, पण ग्राहकाला तो ठाऊक असलेला बरा.

आता डिजिटल किचन तराजू स्वस्त झाले आहेत आणि आमच्या गावातही काही घरांत आले आहेत. हे चांगलेच आहे, पण त्या तराजूवर एककाचे एक बटण असते, आणि ते शून्य करण्याच्या बटणाला लागूनच असते. आमच्या ओळखीच्या एका गटात बिस्किटांचे पीठ तोलताना भांडे ठेवून शून्य करताना बोट त्या दुसऱ्या बटणावर पडले आणि पडद्याच्या कोपऱ्यातले बारीक अक्षर ग्रॅमचे औंस झाले. आकड्याकडे सगळ्यांचे लक्ष होते, अक्षराकडे कोणाचेच नव्हते. भांडे भरभरून पीठ ओतूनही आकडा वाढेना, तेव्हा आधी तराजूची बॅटरी बदलली गेली. काही तराजूंवर मिलीलिटरही दिसते. पण तराजू आकारमान मोजत नाही, तो फक्त भांड्यातली वस्तू पाणीच आहे असे गृहीत धरतो. पाण्याला आणि जवळपास दुधालाही ते चालते, फल्लीच्या (शेंगदाण्याच्या) तेलाला चालत नाही, कारण एक लिटर खाद्यतेल साधारण ९१० ग्रॅमच भरते. तेलाच्या पिशवीवर बहुधा दोन्ही आकडे छापलेले असतात, ते एकदा पाहावेत. मधाचे उलट आहे. कृतीत ‘आठ औंस मध’ असे असेल आणि ते वजनाचे औंस असतील तर २२७ ग्रॅम मध लागतो, पण तेच औंस द्रवाचे, अमेरिकी असतील तर सुमारे ३३५ ग्रॅम लागतो. वजनाचा औंस आणि द्रवाचा औंस ही दोन वेगळी मापे आहेत, हे छापणाऱ्याने सांगितले नाही तर वाचकाला कळण्याचा दुसरा मार्ग नाही.

साखर, मैदा, पाणी यांत चूक झाली तर पदार्थ बिघडतो, एवढेच. परिरक्षकात, म्हणजे पदार्थ टिकवण्यासाठी घालायच्या रसायनात, चूक झाली तर ती बिघडण्यावर थांबत नाही. संत्र्याच्या स्क्वॅशमध्ये पोटॅशियम मेटाबायसल्फाइट घालतात, त्याचे प्रमाण लिटरला सुमारे ०.६ ग्रॅम असते आणि त्यातून मिळणाऱ्या सल्फर डायऑक्साइडची अन्न कायद्यातील कमाल मर्यादा स्क्वॅशसाठी किलोला ३५० मिलिग्रॅम आहे, म्हणजे ०.६ ग्रॅमातच आपण त्या मर्यादेशी येऊन ठेपतो. गटांना मिळालेल्या एका जुन्या माहितीपत्रकात हेच प्रमाण ‘पाव औंस’ असे दिलेले मी पाहिले आहे. किती लिटरला, हे त्याच्या वरच्या ओळीत होते आणि झेरॉक्समध्ये ती ओळ कापली गेली होती. पाव औंस म्हणजे सात ग्रॅम, जे बारा लिटरांना पुरेल. घरच्या दोन लिटरांत ते कोणी घातले तर काय होईल, हे लिहायला नको. एक ग्रॅमच्या टप्प्याने मोजणाऱ्या तराजूवर ०.६ ग्रॅम मोजताच येत नाही, म्हणून सहा ग्रॅम तोलून ते शंभर मिलीलिटर पाण्यात विरघळवावे आणि दर लिटरला त्यातले दहा मिलीलिटर घ्यावे. उरलेले ओतून द्यावे. अशा वस्तूंच्या बाबतीत आपल्या पुरवणीत चमचा, चिमूट आणि औंस हे शब्द मुळीच येऊ नयेत, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

बाकी कृतींसाठी मी फार मोठी मागणी करीत नाही. कृती परदेशी पुस्तकावरून घेतली असेल तर वजन ग्रॅममध्ये, द्रव मिलीलिटरमध्ये आणि तापमान सेल्सिअसमध्ये छापावे, आणि पाच-दहा ग्रॅमांपर्यंत आकडा पूर्णांकात बसवावा. मूळ माप कोणत्या देशाचे होते ते एका ओळीत द्यावे, म्हणजे शंका आली तर वाचकाला तपासता येईल. अंडी नगाने असतील तर त्यांच्यासोबतच्या मैद्याचा आकडा मात्र मनासारखा गोल करू नये. हे काम पुरवणीच्या टेबलावर एकदाच होते; ते तिथे झाले नाही तर कात्रण जिथे जिथे पोहोचते तिथे तिथे ते वेगवेगळ्या पद्धतीने केले जाते.

आणि आमच्या भागातून ज्या भगिनी वाटीच्या मापाने कृती पाठवतात, त्यांची कृती ‘मापे ग्रॅममध्ये नाहीत’ म्हणून परत पाठवू नये. पाटवडीला किंवा गोळाभाताला वाटीच योग्य आहे, कारण सर्व जिन्नस एकाच वाटीने घेतले की प्रमाण टिकते. त्यांना फक्त एवढे विचारावे की तुमची वाटी केवढी आहे. रिकामी वाटी तराजूवर ठेवून शून्य करावे, काठापर्यंत पाणी भरावे आणि आकडा वाचावा. जितके ग्रॅम पाणी, तितक्या मिलीलिटरची वाटी. तो आकडा कृतीच्या वर छापला की पुण्या-मुंबईच्या वाचकालाही तीच पाटवडी करता येईल.

आपला,
एक नियमित वाचक
ता. वरूड, जि. अमरावती